पाऊस, विहीर आणि मोहोर यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील फोंडा तालुक्यातील घरी मी अनेक वर्षे पावसाची, विहिरीच्या पातळीची आणि परसातल्या काही झाडांच्या मोहोराची नोंद ठेवत आलो आहे. हे कळल्यापासून पेडण्यापासून काणकोणपर्यंतची मंडळी मला प्रश्न पाठवतात आणि त्यांतले बहुतेक प्रश्न दर पावसाळ्यात पुन्हा येतात. म्हणून ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हवामान खाते रोज पाऊस मोजतेच. मग मी माझ्या अंगणात वेगळा कशासाठी मोजू?

पणजीला आल्तिनोच्या टेकडीवर भारतीय हवामान खात्याचे केंद्र आहे आणि तेथील आकडा अत्यंत विश्वासार्ह असतो; पण तो आल्तिनोचा असतो. गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर असले, तरी समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्रीला अडून वर चढते, त्यामुळे सत्तरी आणि सांगे या भागांत किनाऱ्यापेक्षा बराच जास्त पाऊस होतो. पावसाळ्यातल्या सरी तर एका वाड्यावर कोसळतात आणि शेजारचा वाडा कोरडा ठेवतात. तुमच्या विहिरीत उतरणारे पाणी तुमच्या परिसरात पडलेल्या पावसाचे असते, म्हणून विहिरीच्या नोंदीशेजारी तुमच्याच अंगणातला पाऊस लिहिलेला असावा लागतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रदेशवार पर्जन्यमान दिले आहे. जांगल, म्हणजे कोरड्या, प्रदेशासाठी १६ द्रोण (द्रोण हे जुने माप), अवंतीसाठी २३ द्रोण असे आकडे आहेत. अपरान्तासाठी, म्हणजे आपल्या कोकणपट्टीसाठी, मात्र आकडाच नाही, ‘अमित’ एवढाच शब्द आहे. जेथे पाऊस अमाप पडतो तेथे तो मोजण्याची निकड भासत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण त्याच गावांत एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला जातात, आणि त्या वेळी ‘यंदा काय वेगळे झाले’ या प्रश्नाला आठवणीखेरीज दुसरा आधार उरत नाही.

२. सुरुवात करायची आहे. काय काय मोजू?

एकच गोष्ट निवडा, आणि ती अशी निवडा की आजारपणात, लग्नसराईत आणि परीक्षांच्या दिवसांतही तिची नोंद घेता येईल. पाऊस, विहिरीची पातळी, तापमान, वारा, पक्षी आणि फुले असे सगळे एकदम सुरू करणाऱ्यांच्या वह्या बहुधा ऑगस्टपर्यंतच जातात. मला विचाराल तर पावसाने सुरुवात करा. एक पावसाळा नीट पार पडला की विहीर जोडा.

३. बाजारातला पर्जन्यमापक घेणे शक्य नाही. घरच्या बाटलीने मोजलेला पाऊस खरा मानायचा का?

गणित नीट केले तर तो आकडा नक्कीच कामाचा ठरतो. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, म्हणजे सपाट जागेवर पडलेले पाणी वाहून गेले नसते, मुरले नसते, तर त्याची उंची किती झाली असती ते मोजतात. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी.

सर्वांत सोपी पद्धत अशी की, डब्यावर नरसाळे बसवावे, जमलेले पाणी मिलिलिटरच्या खुणा असलेल्या मापाने मोजावे, त्याला १० ने गुणावे आणि नरसाळ्याच्या तोंडाच्या चौरस सेंटिमीटरमधील क्षेत्रफळाने भागावे. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे दर ३१.४ मिलिलिटर पाण्याला १ मिलिमीटर पाऊस. रुंद नरसाळ्याखाली अरुंद बाटली ठेवून बाटलीतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजणे ही नेहमी होणारी चूक आहे. त्यामुळे पाऊस खऱ्यापेक्षा कितीतरी पट दिसतो. थंड पेयाची बाटली कापून थेट वापरणार असाल, तर तिचा तळ सपाट नसतो हे ध्यानात घेऊन तळाशी खडे घाला, बाटली सरळ होते त्या उंचीपर्यंत पाणी भरा आणि तेथे शून्याची रेघ ओढा.

४. आमच्या घराभोवती सगळीकडे माड आहेत. मापक कोठे ठेवू?

जवळचे झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या दुप्पट अंतरावर मापक असावा, असा सर्वसाधारण नियम आहे; चौपट मिळाले तर उत्तम. १५ मीटरच्या माडापासून हे अंतर ३० मीटर होते, आणि गोव्यातल्या कितीतरी घरांना एवढी मोकळी जागा नसते. अशा वेळी अनेक जण मापक गच्चीवर नेतात. माझे मत त्याविरुद्ध आहे. उंचावर वारा जास्त असतो, थेंब तिरके येतात आणि मापकात कमी पाणी पडते. अंगणातली उपलब्ध जागांपैकी सर्वांत मोकळी जागा निवडावी, मापकाचे तोंड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि पूर्ण आडवे ठेवावे, आणि कोणते झाड कोणत्या दिशेला किती अंतरावर आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. अपुऱ्या जागेवर ठेवलेला पण कधी न हललेला मापक हा दर वर्षी ‘चांगल्या’ जागेच्या शोधात फिरणाऱ्या मापकापेक्षा अधिक उपयोगी असतो, कारण पहिल्याचा दोष सगळ्या वर्षांत सारखा राहतो.

५. नोंद किती वाजता घ्यायची, आणि तो पाऊस कोणत्या तारखेचा धरायचा?

सकाळी साडेआठ वाजता. हवामान खात्याची रोजची पर्जन्यनोंद याच वेळी होते, म्हणून तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

तारखेचा घोळ मात्र जवळजवळ प्रत्येक नव्या वहीत आढळतो. समजा, ४ जुलैला दुपारभर आणि रात्री पाऊस झाला, आणि ५ जुलैच्या सकाळी साडेआठला मापकात ६८ मिलिमीटर पाणी मिळाले. हे ६८ मिलिमीटर ५ जुलैसमोर लिहायचे, कारण तारीख मोजणीची असते आणि आकडा आधीच्या २४ तासांचा असतो. पुष्कळांना हे पटत नाही. ‘पाऊस तर काल पडला’ म्हणून ते ४ तारखेसमोर लिहितात. दोन्ही पद्धतींमागे तर्क आहे, पण एका घरात वडिलांनी एक आणि मुलाने दुसरी वापरली, की ती वही जुळवणे फार जिकिरीचे होते, आणि महिन्याच्या सीमेवर तर ३० जूनचा पाऊस कधी जूनमध्ये, कधी जुलैमध्ये जातो. म्हणून पद्धत पहिल्या पानावर एका वाक्यात लिहून ठेवा : ‘तारीख मोजणीची, आकडा आदल्या सकाळी साडेआठपासूनचा.’

६. पाऊस पडला नाही त्या दिवशी काहीच लिहिले नाही तर चालेल ना?

नाही. या पानावर एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचावे.

वहीतली रिकामी जागा दोन गोष्टी सांगू शकते : पाऊस पडला नाही, किंवा कोणी पाहिले नाही. लिहिणाऱ्याला त्या आठवड्यात फरक ठाऊक असतो. पाच वर्षांनी त्यालाही ठाऊक नसतो, आणि तिसऱ्या माणसाला तर कधीच कळत नाही. म्हणून चार खुणा ठरवा आणि त्या कधीही बदलू नका. पाहिले आणि मापक कोरडा होता, तर ‘०’. चार थेंब पडले, पण मोजता येण्याइतके पाणी जमले नाही, तर ‘लेश’. पाहिलेच नाही, तर ‘नोंद नाही’. पाहिले, पण मापक कलंडला होता किंवा त्यात पाने अडकली होती, तर ‘बाद’ आणि पुढे कारण.

हा नियम जानेवारी-फेब्रुवारीतही पाळावा. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, म्हणून उरलेल्या महिन्यांत रोज शून्य लिहिणे निरर्थक वाटते. पण मार्चमध्ये मोहोरावर पडलेली अवकाळी सर ही बागायतदाराच्या दृष्टीने वर्षातली सर्वांत महत्त्वाची नोंद असू शकते, आणि आधीच्या महिन्याभराची शून्ये लिहिलेली असतील तरच तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

७. तीन दिवस बाहेरगावी गेलो होतो. परतल्यावर मापकात ९० मिलिमीटर पाणी होते. रोजचे ३० लिहू का?

लिहू नये. परतल्याच्या तारखेसमोर ‘९०, तीन दिवसांचे एकत्रित’ असे लिहावे आणि मधल्या दोन तारखांसमोर ‘पुढील नोंदीत समाविष्ट’ असे लिहावे. महिन्याची बेरीज अशाने बरोबर राहते. तिन्ही दिवशी ३०-३० लिहिल्यास बेरीज तीच येते, पण कधीही न घडलेले तीन मध्यम पावसाचे दिवस वहीत शिरतात. प्रत्यक्षात कदाचित एकाच रात्री ८५ मिलिमीटर कोसळले असतील आणि व्हाळाला पूर आला असेल. शेजाऱ्याचा आकडा उसना घेऊन रकाना भरणे हाही अंदाजच आहे. तो हवाच असेल तर वेगळ्या रकान्यात, कोणाचा ते लिहून, घ्या.

८. एका दिवसात मापक भरून वाहिला तर?

आपल्याकडे दिवसाला २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस होऊ शकतो आणि घरगुती मापक त्याआधीच भरतो. जोर दिसला की मधेच मोजून मापक रिकामा करावा, वेळ आणि आकडा लिहावा, आणि सकाळी सर्व आकड्यांची बेरीज करावी. तरीही वाहून गेलाच, तर भरलेल्या आकड्यापुढे ‘पेक्षा जास्त’ असे लिहावे. ‘जोरदार’ किंवा ‘मुसळधार’ हे शब्द शेऱ्यात असू द्या, पण ते आकड्याची जागा घेऊ शकत नाहीत. हवामान खात्याच्या परिभाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार आणि ११५.६ पासून अति जोरदार पाऊस सुरू होतो. बोलण्यात मात्र हे शब्द प्रत्येक जण आपापल्या परीने वापरतो.

९. विहिरीची पातळी कशी मोजायची? रोज मोजावी लागते का?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पंप लावण्यापूर्वी मोजली तरी पुरेसे आहे. केंद्रीय भूजल मंडळही आपल्या निरीक्षण विहिरी साधारणतः वर्षातून चार वेळाच मोजते, म्हणून आठवड्याची नोंद ही घरगुती वहीची मोठी जमेची बाजू ठरते. कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने खूण करा आणि त्याच खुणेपासून वजन बांधलेली टेप पाण्याला टेकेपर्यंत सोडा. हा आकडा खोलीचा आहे, म्हणजे पाणी वर आले की आकडा लहान होतो. ही गोष्ट न लिहिल्यामुळे वाचणाऱ्याने उलटा अर्थ लावल्याचे मी पाहिले आहे.

जांभ्यातून पाणी भराभर मुरते आणि तितक्याच सहज निघूनही जाते. म्हणून जांभ्यातल्या विहिरी जुलैमध्ये झपाट्याने चढतात आणि पावसाळा सरल्यावर लवकर उतरू लागतात. खाजनांच्या (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनींच्या) किंवा खाडीच्या जवळ विहीर असेल तर भरती-ओहोटीचाही परिणाम संभवतो. तेथे मोजणीची वेळ आणि पाणी गोडे की मचूळ हे दोन्ही लिहावे. कठडा नव्याने बांधून उंच केला असेल, तर प्रश्न १५ पाहा.

१०. आंबा आणि काजू यांच्या मोहोराची नोंद ‘पहिला मोहोर दिसला ती तारीख’ अशी ठेवतो. बरोबर आहे का?

ही नोंद उपयोगी आहे, पण नाजूक आहे. पहिला मोहोर कधी दिसतो हे झाडावर जितके अवलंबून असते तितकेच तुम्ही किती वेळा मान वर करून पाहता यावरही असते. रोज पाहणाऱ्याला तो मंगळवारी दिसेल आणि रविवारीच पाहणाऱ्याला रविवारी. म्हणून ठरावीक झाडे निवडून त्यांना क्रमांक द्या, पाहण्याचे वार ठरवा, आणि ‘अजून मोहोर नाही’ हीसुद्धा तारखेसह लिहा (प्रश्न ६ मधला शून्याचा नियम येथेही लागू आहे). पहिल्या तारखेबरोबर निम्म्या फांद्या मोहोरल्याची तारीखही घ्यावी. ती अधिक स्थिर असते. जातही लिहावी, कारण मानकुराद आणि रायवळ यांची वेळ एक धरून चालत नाही.

११. मोबाइलच्या हवामान ॲपमधला आकडा लिहिला तर?

ॲप दाखवते तो बहुधा संगणकाने आसपासच्या मोठ्या क्षेत्रासाठी काढलेला अंदाज असतो. तुमच्या अंगणात कोणी काही मोजलेले नसते. तुमच्या नोंदीच्या रकान्यात तो कधीही मिसळू नका.

१२. आमच्या आजोबांनी नक्षत्रांप्रमाणे आणि सणांप्रमाणे नोंदी ठेवल्या आहेत. त्या आता वापरता येतील का?

येतील, आणि हा प्रश्न आला की मला विशेष आनंद होतो. मात्र नक्षत्र आणि तिथी यांत फरक करायला हवा.

पावसाची नक्षत्रे सूर्याची असतात. सूर्य मृगात दर वर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारास जातो आणि प्रत्येक नक्षत्रात साधारण १३ ते १४ दिवस राहतो. इंग्रजी तारखेशी त्याचा मेळ इतक्या हळू सरकतो की एका दिवसाचा फरक पडायला सुमारे ७२ वर्षे लागतात. म्हणून ‘आर्द्रा कोरडी, तरणा चांगला, म्हातारा बेताचा’ अशी नोंद असेल (तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य), तर पंचांग पाहून तिचा पंधरवडा नेमका ठरवता येतो.

तिथीचे तसे नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते आणि अधिक मास येऊन तो फरक भरून काढतो. त्यामुळे ‘चवथीला विहीर काठोकाठ होती’ ही नोंद वर्ष लिहिल्याशिवाय वापरता येत नाही : २०२३ मध्ये चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, १९ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. हा २३ दिवसांचा फरक पावसाळ्याच्या उत्तरार्धात फार मोठा आहे. वर्ष ठाऊक असेल तर तारीख काढा. नसेल तर नोंद जपून ठेवा, पण हिशेबात घेऊ नका. सांजाव (विहिरींत उड्या मारून साजरा होणारा सेंट जॉनचा सण) मात्र दर वर्षी २४ जूनलाच येतो, म्हणून ‘सांजावाला विहिरीत उडी मारण्याइतके पाणी नव्हते’ असे कोणी लिहून ठेवले असेल, तर ती चक्क तारखेची नोंद आहे.

जुन्या वहीत भाताचे पीक खंडी-कुडवात असते. २० कुडवांची एक खंडी होते, पण ही मापे आकारमानाची आहेत, वजनाची नव्हेत. मूळ माप जसेच्या तसे उतरवावे आणि किलोचे रूपांतर वेगळ्या रकान्यात, कोणत्या हिशेबाने केले ते लिहून द्यावे. ब्रिटिश मुलखातल्या पर्जन्यनोंदी इंचांत असत. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर.

१३. आकडा चुकला तर खोडून नवा लिहावा का? आणि वही कागदाची ठेवू की संगणकावर?

चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारावी, जुना आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला नवा आकडा, दुरुस्तीची तारीख व आद्याक्षरे लिहावीत. आकडा नुसताच अविश्वसनीय वाटतो म्हणून बदलू नये. ‘शंका’ असा शेरा मारावा. पुढे शेजारच्या नोंदी मिळाल्यावर तो विलक्षण आकडाच खरा ठरू शकतो.

मूळ नोंद कागदावर असावी असे माझे ठाम मत आहे. आपल्या पावसाळ्यात शाई पसरते, पाने एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते आणि वाळवीचा धोका वेगळाच. माझ्या एका वहीतली जुलैची तीन पाने शाईपेनमुळे निळा डाग होऊन गेली. त्या डागाखाली कडेला फक्त तारखांचे आकडे उरले आहेत. तेव्हापासून मी पेन्सिल वापरतो, वही पत्र्याच्या पेटीत ठेवतो, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पानाचा फोटो काढतो आणि आकडे एक्सेलमध्ये उतरवतो. उतरवताना दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवावे. १ आणि ९ यांची अदलाबदल फार होते.

१४. पाच वर्षे झाली. पाऊस वाढतो आहे की कमी होतो आहे हे आता सांगता येईल का?

पावसाबद्दल नाही. हवामानाची सरासरी काढण्यासाठी जगभर ३० वर्षांचा कालखंड धरतात. सध्याचा प्रमाण कालखंड १९९१ ते २०२० हा आहे. पाऊस एका वर्षातून दुसऱ्या वर्षात इतका उड्या मारतो की पाच वर्षांत दिसणारा चढ किंवा उतार निव्वळ योगायोगाचा असू शकतो. किती वर्षे लागतील हे मोजल्या जाणाऱ्या गोष्टीच्या स्वभावावर ठरते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ पासून हवेतील कर्बवायू मोजला जातो. तो तेव्हा दशलक्षात सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. तेथे दर वर्षीचा चढउतार लहान आणि नियमित असल्यामुळे वाढ थोड्याच वर्षांत स्पष्ट दिसली. आपला पाऊस तसा नाही.

पाच वर्षांत दुसरे पुष्कळ सांगता येते. पहिल्या मोठ्या पावसानंतर तुमची विहीर किती दिवसांनी चढू लागते, पावसाळा सरल्यावर आठवड्याला किती सेंटिमीटर उतरते, शेजारी नवी कूपनलिका झाल्यावर तो वेग बदलला का, या प्रश्नांना तुमच्या वहीत उत्तरे आहेत आणि पंचायतीच्या ग्रामसभेत मांडता येतील इतकी ती भक्कम असतात.

१५. मापक फुटला, घर बदलले, कठडा उंच केला, शेजारचा माड तोडला. नोंद पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची का?

नाही, पण बदलाची तारीख आणि तपशील त्याच दिवशी लिहा. कठडा ४० सेंटिमीटरने उंच झाला असेल, तर जुने आकडे बदलू नका. ‘या तारखेपासून ४० वजा करून तुलना करावी’ असा शेरा द्या. नवा मापक घ्यायचा असेल, तर शक्य असल्यास पूर्ण एक पावसाळा जुना आणि नवा शेजारी-शेजारी ठेवून दोन्ही आकडे लिहा, म्हणजे दोघांतला फरक किती ते कळेल. मौना लोआची मालिकाही अखंड नाही : १९६४ मध्ये निधीअभावी ती काही काळ थांबली होती, आणि २०२२ च्या ज्वालामुखी उद्रेकानंतर मोजणी काही काळ शेजारच्या मौना केआवरून करावी लागली. दोन्ही गोष्टी नोंदींत स्पष्ट लिहिलेल्या आहेत, म्हणूनच त्या मालिकेवर विश्वास ठेवता येतो.

१६. माझे वय झाले. वही पुढे कोणाकडे द्यावी?

ज्याला सकाळी साडेआठला घरी असणे जमते त्याच्याकडे, मग तो नात्यातला नसला तरी चालेल. देण्यापूर्वी पहिले पान पूर्ण करा : जागा, मापकाचा व्यास, तारखेची पद्धत, खुणांचे अर्थ, सगळे बदल. एक प्रत गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवा.

वाचणारा बदलला की आकडाही थोडा बदलतो. पाण्याचा पृष्ठभाग कडेला किंचित वर चढलेला असतो. कोणी कडेची पातळी वाचतो, कोणी मधली. मधली, खालची पातळी वाचायची असते आणि डोळा तिच्या समोर आणायचा असतो. हे सांगून पुरत नाही, शेजारी उभे राहून दाखवावे लागते. शेजारच्या घरातली बारावीची मुलगी आता माझी वही पुढे चालवणार आहे. सध्या रोज सकाळी आम्ही दोघे मापकाजवळ बसतो; ती आधी वाचून आपला आकडा झाकून लिहिते, मग मी वाचतो, आणि दोन्ही आकडे वहीत वेगवेगळ्या रकान्यांत जातात. सप्टेंबरअखेर माझा रकाना बंद होईल.